आक्षेप बसूनच घ्यावा

टेलरमास्तरांनी हार मानली. भर हॉलमध्ये, पावडर टाकलेल्या फरशीवर, फंकच्या रेकॉर्डवर, कमरेसकट. आत्याचा रविवार वाचला आणि मास्तरांचे जावईबापू आपला फोन शंभर टक्के चार्ज करून घरी गेले.

पण असं काही घडलेलं नाही. समितीने तसं एकमताने ठरवलं आहे, आणि समितीत मास्तर, माझी आत्या आणि लिफ्टवाले काका असे तिघंच असल्यामुळे एकमत व्हायला चहा गार व्हायचाही अवकाश लागत नाही. तेव्हा आपणही काही घडलं नाही असं धरून चालू आणि पहिल्यापासून सुरुवात करू.

आमच्या हॉलवर दर रविवारी सोल नाइट असते. ती दुपारी तीनला सुरू होते आणि सहाला संपते. पूर्वी ती खरंच रात्री असायची. मग सभासदांची वयं झाली, अंधारात पायऱ्या दिसेनात, कोणाला रात्रीच्या गोळीनंतर लगेच आडवं व्हावं लागे, तेव्हा सगळ्यांनी मिळून रात्र उचलली आणि दुपारी आणून ठेवली. नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही. हॉलला जाड पडदे आहेत. ते ओढले की आत रात्र होते.

एका पडद्याला मात्र हातभर चीर आहे. तिच्यातून उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडतो आणि दुपारभर सरकत सरकत स्टेजकडे येतो. नाचणारे त्याला वळसा घालून नाचतात, जणू तिथे कोणीतरी झोपलंय. समितीचे अध्यक्ष टेलर असल्यामुळे ती चीर कधीच शिवली जाणार नाही, हे सगळ्यांनी मान्य केलंय. दिव्याखाली अंधार म्हणतात. आमच्याकडे टेलराखाली उजेड.

"पडद्याचं कापड माझ्या हाताखालचं नाही," मास्तर म्हणतात आणि विषय संपतो.

सोल म्हणजे काय ते सांगायला हवं. तो विलायती गाण्यांचा एक प्रकार. सोलमध्ये कोणीतरी कोणालातरी सोडून गेलेलं असतं आणि मागे राहिलेला माणूस त्याबद्दल फार सुंदर आवाजात तक्रार करत असतो. मागे ढोल, डफली, पिपाण्या, सगळे त्याच्या बाजूने. अशी तक्रार ऐकली की आमच्या हॉलमधली माणसं गरगर फिरतात. गरगर म्हणजे अक्षरशः. फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरवायची, बुटांचे तळवे गुळगुळीत करायचे, एका टाचेवर गिरकी घ्यायची, मग मागे झुकून हाताने जमीन शिवायची आणि परत उभं राहायचं. परत उभं राहायचं हा भाग आताशा ऐच्छिक झालाय.

फंकमध्येही कोणीतरी सोडून गेलेलं असतं, पण बास गिटार वाजवणाऱ्याला ते अजून कोणी सांगितलेलं नसतं.

फंकला आमच्या हॉलमध्ये बंदी आहे. ठरावात कारण दिलंय, 'फरशीस धोका'. खरं कारण सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीही बोलत नाही. फार वर्षांपूर्वी कोणीतरी एक फंकची रेकॉर्ड लावली होती. तरुण मास्तर तिच्यावर नाचता नाचता खाली गेले, अगदी खाली, आणि त्यांची पँट मागून उसवली. पँट त्यांनीच शिवलेली होती. हॉलमध्ये त्यांची अकरा गिऱ्हाइकं हजर होती. पुढच्या बैठकीत बंदी आली. आत्याने बंदीच्या बाजूने मत दिलं. "पँट राहू दे, पण फंक म्हणजे नुसता आगाऊपणा," असं तिचं म्हणणं. "सोलमधला माणूस रडताना केस विंचरून येतो. यांचं आपलं काहीही."

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. सहा दिवस ती लाँड्री चालवते आणि मी तिच्या हाताखाली काम करतो. सातव्या दिवशी ती हॉलच्या स्टेजवर रेकॉर्ड वाजवायच्या दोन टर्नटेबलांमागे उभी राहते. सहा दिवस लोक तिला "बाई, हा डाग गेला नाही" म्हणतात. रविवारी तीच माणसं तिच्याकडे बघून गिरक्या घेतात. तिच्या घरात टीव्ही नाही, नवरा होता तो गेला, मांजर होती ती शेजारणीकडे राहायला गेली. रविवार आहे. तेवढाच आहे.

तिच्या पेटीतली एकही रेकॉर्ड कोणती ते तुम्हाला कळणार नाही. जुन्या लोकांची ती पद्धतच. दुर्मिळ रेकॉर्ड सापडली की तिच्या मधल्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचा, म्हणजे दुसऱ्या हॉलवाल्याला नाव कळू नये आणि त्याने ती शोधून लावू नये. आत्या त्यासाठी लाँड्रीच्या पांढऱ्या चिठ्ठ्या गोल कापून लावते. कोणती रेकॉर्ड कोणती, हे ती कडेवरून बोट फिरवून ओळखते. मी विचारलं कसं, तर म्हणाली, "तुझे बाबा मी अंधारात खोकल्यावरून ओळखते. तसंच."

हॉलचे नियम दोनच आहेत आणि पुढे दोन्ही लागणार आहेत, म्हणून लक्ष द्या.

एक: फ्लोअर रिकामा झाला, म्हणजे एकही माणूस नाचायला उरला नाही, तर रेकॉर्ड लावणाऱ्याने हेडफोन काढून पावडरच्या डब्यावर ठेवायचे. ते डब्यावर ठेवले की कायमचे. जो उचलेल त्याचा रविवार. आत्यानेही तिचा रविवार असाच उचललेला. फंक लावल्याचा आक्षेप मंजूर झाला तरी हेच.

दोन: आक्षेप खुर्चीत बसूनच घ्यायचा. हा नियम मास्तरांनी केला. एकदा कोणीतरी गिरकी घेत घेत आक्षेप घेतला आणि तो चारही दिशांना गेला. नेमका कोणाविरुद्ध आहे ते ठरेना. तेव्हापासून बसून, हात वर करून.

आता मूळ गोष्ट. वॉशिंग मशिनचं दार आत्याच्या मनगटावर पडलं आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. डाव्या हाताने सुई ठेवायचा तिने प्रयत्न करून पाहिला. सुई रेकॉर्डवर अशी पडली की गाणारी बाई दचकल्यासारखी वाटली.

मास्तर लाँड्रीत आले. टोपी काढली, प्लास्टर बघितलं, शिवण कशी आहे ते बघतात तसं.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "जबरदस्ती नाही. पण आमचे जावई तयार आहेत. त्यांच्या फोनमध्ये सगळं आहे. नुसतं बोट लावायचं."

"फोनमध्ये?" आत्या म्हणाली.

"हजार गाणी."

"आणि सुई?"

"सुई लागत नाही म्हणे."

टेलरने येऊन सुई लागत नाही असं सांगावं, हे आत्याला जास्त लागलं असावं. मग म्हणाली, "माझा भाचा लावेल."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी कोणाच्यातरी शर्टाची बाही शोधत होतो. ती आतल्या बाजूला होती.

"हा?"

"हा. आणि फ्लोअर रिकामा झाला तर तुमचा जावई. माझ्याकडून शब्द."

मास्तर गेल्यावर ती मला म्हणाली, "ठोंब्या, फ्लोअर रिकामा होऊ द्यायचा नाही. बाकी काही करू नकोस. बाकी काही सुचलं तरी करू नकोस."

बाकी सगळं मला त्याच दिवशी सुचलं.

त्याचं असं आहे की, आमचा फ्लोअर दर रविवारी मध्यावर रिकामा व्हायला येतो. पहिला तासभर सगळे जोरात. मग गुडघे बोलायला लागतात. गिरकीवाला भिंतीकडे सरकतो, भिंतीवाला खुर्चीकडे, आणि एकदा खुर्ची मिळाली की माणूस सोल विसरून रक्तातल्या साखरेवर बोलू लागतो. आत्तापर्यंत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण अशा वेळी आत्या लांबलचक रेकॉर्ड लावून स्वतःच स्टेजवरून उतरायची आणि नाचायची. ती नाचली की बाकीचे लाजेने उठायचे. आता प्लास्टर घेऊन ती गिरकी घेणार कशी? पहिल्याच फेरीत कोणाचातरी चष्मा गेला असता.

माझा सिद्धांत साधा होता. सोलला गुडघे लागतात. फंकला गुडघे लागत नाहीत. फंक मंद असतं, जड असतं, एका जागी उभं राहून खांदा आणि कंबर हलवली की भागतं. फंक म्हणजे उभ्या उभ्या बसायची सोय. दोन सोलच्या मध्ये एक फंक सरकवलं, तर माणसं फ्लोअरवरच विश्रांती घेतील आणि त्यांना कळणारही नाही की आपण बसलोय.

अडचण मास्तरांची. एका रेकॉर्डवरून दुसरीवर जातानाचा जोड त्यांना लगेच कळतो. रेकॉर्ड बदलताना ते कधी स्टेजकडे बघत नाहीत. लोकांच्या पायांकडे बघतात. "शिवण उलट्या बाजूने बघायची असते," म्हणतात. पाय अडखळले की जोड वाईट.

म्हणून मी सराव केला. लाँड्रीत दोन म्हातारी मशिनं शेजारी शेजारी आहेत. कपडे पिळताना एक धबाक-धबाक करतं आणि दुसरं धबाकधबाक करतं. एकात एक ओला टॉवेल जास्त टाकला की ते किंचित मंदावतं. दोघांचे धबाके एकावर एक बसेपर्यंत मी टॉवेल टाकत-काढत राहायचो. जोड हे असंच असतं. एक रेकॉर्ड लोकांना ऐकू येत असते, दुसरी फक्त तुमच्या हेडफोनमध्ये. वेगाची पट्टी केसभर वर, केसभर खाली, दोन्ही ढोल एकत्र चालायला लागेपर्यंत. यंत्राचे ढोल असते तर सोपं होतं, पण या रेकॉर्डवर माणसं वाजवतात, आणि माणूस रंगात आला की धावतो. त्याच्यामागे बोटाने धावावं लागतं.

आत्याला वाटलं मला धंद्यात रस निर्माण झाला. तिने मला नवीन बादली आणून दिली.

दुसरी अडचण समेची. सोलमध्ये आमचे लोक टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतात. फंकचा सगळा जीव पहिल्या मात्रेवर. तिथे सम, तिथे बास, तिथे कंबर. म्हणून नुसते ढोल आधी आत घ्यायचे, बासची कळ पूर्ण बंद. सोलवाला शेवटचं 'ऊ ऊ' करत असतो. लोकांच्या टाळ्या चालू असतात. मग नेमक्या समेवर बास सोडायचा. तोवर पाय आधीच पलीकडे गेलेले असतात. मालक झोपलेला असताना घर बदलावं तसं.

चार फंकच्या रेकॉर्ड मी भंगारवाल्याकडून आणल्या. आत्याच्या पेटीत त्या ओळखू येऊ नयेत म्हणून लाँड्रीच्या चिठ्ठ्या गोल कापून लेबलांवर चिकटवल्या. नीट. घट्ट. दोन्ही बाजूंनी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

रविवार आला. पडदे ओढले, रात्र झाली, उन्हाचा पट्टा दरवाजापाशी येऊन पडला. आत्या चहाच्या टेबलाशी बसली, प्लास्टर टेबलावर ठेवून, जणू विकायला मांडलंय. जावईबापू भिंतीतल्या प्लगजवळच्या खुर्चीत बसले, फोन चार्जिंगला लावून. मास्तर नेहमीच्या जागी, स्टेजसमोर, नजर जमिनीवर. मी हेडफोन घातले. ते आत्याच्या डोक्याच्या मापाचे असल्यामुळे माझे कान अर्धेच आत गेले.

पहिला तास छान गेला. लिफ्टवाले काका आणि काकू यांनी जोडीने गिरकी घेतली, नंतर जोडीने भिंत धरली आणि दम खाऊन परत सुरू केलं. तिथून उतरण लागली. एक एक करून खुर्च्या भरायला लागल्या. फ्लोअरवर पाच माणसं, मग तीन, मग काका-काकू आणि उन्हाचा पट्टा.

जावईबापूंनी फोनची वायर काढली.

मी हेडफोनमध्ये पहिल्या फंकचे ढोल ऐकत होतो. पट्टी केसभर खाली. अजून केसभर. धबाक आणि धबाक एकावर एक बसले. ढोल आत सोडले. बास बंद. सोलवाली बाई 'परत ये, परत ये' करत दूर गेली, आणि मी समेवर बास उघडला.

काकांची गिरकी अर्ध्यात थांबली. ते तिथेच उभे राहिले. मग त्यांचा उजवा खांदा हलला, त्यांना न विचारता. "अगं," ते काकूंना म्हणाले, "गुडघा दुखत नाहीये."

"मग बसू नका," काकू म्हणाल्या.

खुर्चीतून एक उठला. मग दोन. उभ्या उभ्या बसायची सोय झाल्याची बातमी आपोआप पसरली. मास्तर पायांकडे बघत होते. पाय अडखळले नव्हते. त्यांच्या कपाळावर आठी आली आणि गेली, एखाद्या टाक्याविषयी शंका यावी आणि चष्मा पुसल्यावर ती जावी तशी.

परत सोल लावलं. लोक ताजेतवाने होऊन गिरक्या घ्यायला लागले. एकाने तर हाताने जमीन शिवली आणि मदतीशिवाय परत आला. टाळ्या पडल्या. दुसरं फंक सरकवलं. शिवण दिसली नाही. जावईबापूंनी वायर पुन्हा लावली. आत्या मात्र आता चहा पीत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या बोटांकडे. लाँड्रीत कोणीतरी चुकीचा साबण टाकलाय आणि तो वासाने कळलाय, अशी ती नजर.

मी नजर चुकवली आणि तिसऱ्याची तयारी केली. आता मी मास्तरांची लाडकी सोलची रेकॉर्ड लावली होती. वर्षानुवर्षं ते दर रविवारी याच एका रेकॉर्डवर उठतात, फ्लोअरच्या मध्यावर येतात, हात मागे बांधून अगदी थोडं डुलतात आणि परत जाऊन बसतात. तिच्या शेपटाला मी सर्वांत सौम्य फंक जोडणार होतो. त्यात बासरी आहे. कोणाचंही काही वाकडं होणार नाही असं फंक.

ती बासरी रेकॉर्डच्या एका बाजूला आहे. कोणत्या, ते लेबलवर लिहिलेलं असतं. लेबलवर मी चिठ्ठी चिकटवली होती. दोन्ही बाजूंनी.

हेडफोनमध्ये नुसते ढोल होते, ते दोन्ही बाजूंना सारखेच. मी जोड बसवला, समेवर आलो, बास उघडला.

हॉलमध्ये एक माणूस ओरडला. रेकॉर्डमधला. पोटातून, "हं" असं. आणि त्याच्या पाठोपाठ बास आला तो खालून, फरशीतून, बुटांतून. चहाच्या टेबलावरचे कप एकमेकांना लागले. बासरी नव्हती. बासरीचा नातेवाईकसुद्धा नव्हता. भंगारवाल्याकडे होतं नव्हतं तेवढं सगळं फंक त्या एका बाजूला गोळा झालं होतं.

पाय अडखळले. सगळे. शिवण अशी दिसली की उन्हाच्या पट्ट्यानेही थांबून बघितलं असतं.

मास्तर फ्लोअरच्या मध्यावर होते. त्यांनी मागे बांधलेले हात सोडले आणि उजवा वर केला. "आक्षेप."

"बसून, मास्तर," लिफ्टवाले काका नाचता नाचता म्हणाले. त्यांना थांबता येत नव्हतं. "बसून घ्यायचा. तुमचाच नियम."

"माहीत आहे मला माझा नियम," मास्तर म्हणाले आणि खुर्चीकडे निघाले.

खुर्ची समोर, पंधरा-वीस पावलांवर. मास्तर बसले की हेडफोन डब्यावर, आणि पुढच्या रविवारपासून आत्या चहाच्या टेबलाशी, फोनमधली हजार गाणी ऐकत. रेकॉर्ड उचलावी तर गाणं तुटणार, तुटलं की लोक थांबणार, म्हणजे फ्लोअर रिकामा. इकडे आड, तिकडे जावई.

पण मास्तर चालत होते, आणि चालताना त्यांचं पहिलं पाऊल समेवर पडलं. योगायोग. दुसरं पडलं ते पुढच्या समेवर. मधल्या वेळात पाय हवेतच राहिला. त्यांनी तो रागाने खाली ठेवला, तर तोही तालात ठेवला गेला. खुर्चीपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांच्या चालण्याला सुरुवात, मध्य आणि शेवट आला होता.

ते खुर्चीपाशी वळले. गुडघे वाकवले. बसणार, तेवढ्यात सम आली आणि कंबर वर उचलली गेली. त्यांनी परत वाकून पाहिलं. परत सम. माणूस बसायला जातोय आणि बास त्याला "उठा, उठा, बसायला काय झालंय" म्हणून उठवतोय, असं चार-पाच वेळा झालं. बघणाऱ्यांना वाटलं ही नवीन स्टेप आहे. त्यांनी ती उचलली. सगळा हॉल एका नसलेल्या खुर्चीत बसायला जायचा आणि उठायचा.

खाली खरोखर बसलेली माणसं आता दोनच होती. आत्या, आणि प्लगजवळ जावईबापू.

जावईबापूंना सासऱ्यांची अवस्था दिसली. त्यांनी फोन मांडीवर ठेवला, घसा साफ केला आणि हात वर करायला घेतला. बसलेले होते. नियमात बसत होतं.

तेव्हा आत्या उठली. ती फ्लोअरच्या मधून गेली, प्लास्टर पोटाशी धरून, आणि फंकच्या बंदीला मत दिलेली ती बाई जावईबापूंसमोर उभी राहून डावा हात पुढे करून म्हणाली, "जावईबापू, उठा. मला एका हाताला धरायला कोणीतरी पाहिजे."

"आत्याबाई, मी आक्षेप..."

"तो मग घ्या. आधी धरा. पडले तर तुमच्यावर येईल."

मोठ्या बाईने हात पुढे केला तर बसून राहणार कसे? ते उठले. त्यांचा वर निघालेला हात आत्याच्या हातात गेला. आणि हॉलमध्ये बसलेलं असं कोणी राहिलं नाही. खुर्च्या होत्या, पण नुसत्या.

आत्याने स्टेजकडे पाहिलं. मला वाटलं आता मान हलवेल. तिने प्लास्टरमधून डोकावणारा अंगठा खाली केला, म्हणजे 'बास कमी कर' असं नाही, तर 'ढोल एकटे येऊ दे, मग सोड'. ती खूण ती मला सोलसाठी शिकवायची. मी बासची कळ बंद केली. नुसते ढोल राहिले. सगळा हॉल एका पायावर थांबला.

मास्तर मध्यावर आले होते. त्यांनी पँटच्या चुण्या बोटांनी सारख्या केल्या. मग ते खाली जायला लागले.

कोणीतरी "मास्तर, नको" म्हणालं. ते जात राहिले. गुडघे, मांड्या, अगदी खाली, तेवढंच जेवढं पँट उसवली त्या वेळी गेले होते. हॉलमधली अर्धी माणसं त्यांनी शिवलेल्या पँटी घालून उभी होती आणि श्वास धरून होती. ढोल चालू होते, पण सगळे दुसरंच काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होते.

काही ऐकू आलं नाही.

समेवर मी बास सोडला आणि मास्तर वर आले. हळू, सरळ, एका रेषेत, इस्त्री फिरवल्यासारखे. पँट शाबूत. त्यांनी मागे हात लावून खात्री केली, दोन बोटांनी, धंद्यातल्या माणसासारखी.

"दुहेरी शिवण," ते सगळ्या हॉलला म्हणाले. "प्रत्येक पँटला. त्या दिवसापासून."

"म्हणजे इतकी वर्षं," लिफ्टवाले काका म्हणाले, "तुम्ही तयारीतच होतात?"

"तयारी ठेवावी माणसाने. गाणं काही सांगून येत नाही." आणि त्यांनी माझ्याकडे वळून बोट केलं. "तो जोड भिकार होता. आता परत सोलवर ये, आणि मी पायांकडे बघतोय."

मी परत आलो. आयुष्यात त्याहून चांगला जोड माझ्याकडून झालेला नाही. सोलवाली बाई ढोलांच्या पलीकडून अशी आली की जणू ती तिथेच होती, नुसती वळून उभी होती. एकही पाय अडखळला नाही. मास्तरांनी मान डोलावली, आणि त्या डोलावण्याचं कापड अस्सल होतं. लोक ओरडायला लागले. उन्हाचा पट्टा स्टेजपर्यंत येऊन टर्नटेबलवर चढला होता आणि रेकॉर्डबरोबर गोल फिरतोय असं वाटत होतं. सहा वाजेपर्यंत फ्लोअरवरून कोणी हललं नाही. चौथं फंकसुद्धा मी उघडपणे लावलं, चिठ्ठी सोलून.

शेवटची रेकॉर्ड संपल्यावर मी हेडफोन काढले. पावडरच्या डब्यावर नाही. आत्याच्या गळ्यात घातले. एका हाताने तिला घालता येत नव्हते.

"लेबल लोकांपासून झाकायचं असतं," ती म्हणाली. "स्वतःपासून झाकायला तुला कोणी सांगितलं, ठोंब्या?"

"चुकलं."

"आणि दुसऱ्या जोडात बास अर्धा टोला आधी आणलास."

"तुला कळलं?"

"पहिलाच जोड कळला. तुझ्या बाबांचा खोकला." मग पेटीचं झाकण लावता लावता, "ती ओरडणाऱ्याची बाजू. तिला खूण करून ठेव. पुढच्या रविवारी मध्यावर लाव."

समितीची बैठक तिथेच झाली. आक्षेप बसून घेतला गेला नव्हता, म्हणून आक्षेप नव्हता. आक्षेप नव्हता, म्हणून फंक नव्हतं. फंक नव्हतं, म्हणून काही घडलं नव्हतं. जावईबापूंनी विचारलं की मग त्यांना घाम कशाचा आला. समितीने हा प्रश्न पुढच्या बैठकीवर टाकला. आत्याचा रविवार आत्याकडे राहिला.

एवढ्यात काकूंनी पडद्याकडे बघून म्हटलं की आता तरी ती चीर शिवा, ऊन थेट सुईवर येतं, पोराला जोड दिसत नाही. मास्तरांनी चीर पाहिली, कापड दोन बोटांत धरून पाहिलं, सोडलं. "चूक पडद्याची नाही," ते म्हणाले. "वर कळवलं पाहिजे." त्यांनी मजकूर सांगितला, जावईबापूंनी फोनवर उतरवून घेतला, आणि शंभर टक्के चार्ज असल्यामुळे तो लगेच गेलाही:

प्रति, माननीय मुख्य अभियंता, दिवाबत्ती विभाग. विषय: सूर्य बंद ठेवणेबाबत. महोदय, आमच्या हॉलवर दर रविवारी दुपारी तीन ते सहा या वेळेत रात्र असते. सदर वेळेत आपल्या विभागाचा सूर्य चालू राहिल्याने सभासदांची गैरसोय होते. सबब, उपरोक्त वेळेत तो बंद ठेवण्याचे आदेश द्यावेत. तांत्रिक कारणास्तव ते अशक्य असल्यास, निदान सोलमधून फंकमध्ये जाताना आणि फंकमधून सोलमध्ये परत येताना, जोड पूर्ण होईपर्यंत, एक मध्यम आकाराचा ढग विनामूल्य उपलब्ध करून देण्यात यावा.